तिमकोचा उपास

स्वीदनीक गावाच्या वरच्या अंगाला राहणारी हाफिया म्हणजे देवाशीही घासाघीस करणारी बाई. नवरा आजारी पडला तेव्हा तिने कॉफी सोडली. नवरा उठून बसला. मुलगा खाणीतून धड परत यावा म्हणून साखर सोडली, मुलगा आला. आपण काही सोडलं की वरून काही मिळतं, हा तिचा रोकडा व्यवहार. त्याला नावं ठेवणाऱ्यांची ती सालटी काढायची.

नातू तिमको सहा वर्षांचा झाला तरी एक शब्द बोलत नव्हता. त्याच्या शरीरात कोलेस्टेरॉल पुरेसं बनत नाही, रोज अंड्याचा बलक द्या, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. बलकाने पोर अंग धरू लागलं, आधाराशिवाय बसू लागलं. म्हातारीला वाटलं, आता बोलणारच.

ईस्टरआधीचा कित्येक आठवड्यांचा मोठा उपास आला. त्यात अंडं वर्ज्य. आजाऱ्यांना, पोरांना सूट असते, हे पाद्रीही सांगत होते. पण पोरासाठी वाचा मागायची, तर सूट घेणाऱ्याचं देव काय ऐकणार? शेवटच्या आठवड्यात सून ओलेना कामावर गेली की हाफिया बलक बाजूला काढायची आणि पोराला उकडलेला बटाटा कुस्करून भरवायची. गुड फ्रायडेला तिमको गळून पडला. त्याला इस्पितळात न्यावं लागलं, तेव्हा हाफियाने बलकाचं कबूल केलं.

"आई, देवाला लाच द्यायला माझंच पोर सापडलं तुम्हाला?" ओलेना सगळ्या वॉर्डादेखत सासूवर ओरडली.

डॉक्टरीणबाई दिसताच हाफिया त्यांना आडवी गेली. "माझ्यामुळेच त्याची वाचा फुटता फुटता राहिली ना? सांगा. मी भरून काढीन. दुप्पट बलक घालीन."

"बसा आजी. प्रत्येक पेशीभोवती चरबीचा पातळ पापुद्रा असतो. कोलेस्टेरॉलशिवाय तो धड राहत नाही. अंड्यातलं कोलेस्टेरॉल बाकीच्या अंगाला मिळतं. मेंदू मात्र रक्तातलं घेत नाही, स्वतःचं स्वतः बनवतो. याच्या मेंदूला ते आईच्या पोटात असल्यापासूनच जमलेलं नाही."

"म्हणजे माझ्या उपासाने..."

"अशक्तपणा आला. तो जाईल. बोलणं तुम्ही हिरावलं नाहीत, आजी. ते येणारच नव्हतं."

"आणि बलक?"

"द्या. अंगी लागतील."

ओलेनाचा राग कुठल्या कुठे गेला. तिने सासूचा हात धरला. हाफियाने तो झटकला. चूक आपली असती तर फेडता आली असती. आता करायला काही उरलंच नव्हतं, आणि हे तिला सोसवेना.

"शिव्या दे गं मला," ती सुनेला म्हणाली. "थांबलीस का?"