‘तणाचं औषध द्या!’

हंगाम संपला की दुकानातला माल संपतो. किस्से तेवढे संपत नाहीत, दरवर्षी साठतच जातात. बेंबळीत आमचं कृषी सेवा केंद्र आहे. लायसन माझ्या नावावर, कारण घरात ॲग्री झालेली मी एकटीच. काउंटरवर मी उभी असते आणि दाराशी खुर्ची टाकून मामा, म्हणजे माझे सासरे, बसलेले असतात. मका पेरला की मक्याचं तणनाशक, उसाच्या कांड्यांची लागण झाली की उसाचं. माणसं येतात, भांडतात, जातात. घरी सांगायला गेलं की ऐकून घ्यावं लागतं, "वैशाली, तू लई चिडतीस!"

चिडू नको तर काय करू? तुम्हीच ऐका.

*

पहिल्याच वर्षी एक पाव्हणे आले. "तणाचं औषध द्या."

"कशातलं तण?" मी विचारलं. "मका का ऊस? पेरून किती दिवस झाले?"

त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "मालक कुठंयत?"

"मीच आहे."

"तसं न्हाय. मालक!"

मामांनी खुर्चीतूनच विचारलं, "काय पायजे?"

"मक्याला तणाचं औषध. कालच पेरलाय."

मामा माझ्याकडं वळले. "वैशाली, काल पेरलेल्या मक्याला काय द्यायचं गं?"

"ॲट्राझिन. उद्यापर्यंत मारायचं, रानात ओल आहे तोवर. आणि मारताना मागं मागं सरकायचं, मारलेल्या जागेवर पाय द्यायचा नाही."

मामांनी शब्द न् शब्द तसाच त्यांना परत सांगितला. पाव्हणे खूश! बाटली पिशवीत टाकली आणि जाता जाता मला म्हणाले, "शीक पोरी सासऱ्याकडून. माणसाला म्हाईती पायजे!"

मामा चौथी शिकलेत.

*

दुसऱ्या एकाला मी औषध द्यायला चक्क नाही म्हणाले. मका वीस दिवसांचा आणि याला पाहिजे होतं बांधावरचं सगळं हिरवं जाळून टाकणारं औषध. "भावकीतल्यानं मारलंय. आठ दिवसात साफ!"

"त्यांनी बांधावर मारलंय, दादा. मकासुद्धा गवताच्याच जातीचा. तण जाईल, मका पण जाईल."

"विकायचं नसंल तर तसं सांगा!" तडक उठला आणि दुसऱ्या दुकानातून घेऊन गेला.

दहा दिवसांनी हातात मक्याची वाळलेली ताटं धरून हजर! दुकानात गिऱ्हाईक भरलेलं. सगळ्यांसमोर त्यानं माझी अक्कल काढली, डिग्री काढली, औषध बोगस म्हणाला.

मी काउंटरवर हात आपटला. "अहो, पण तुम्ही माझ्याकडून औषध नेलंच नाही!"

"व्हय, न्हाय नेलं," तो शांतपणे म्हणाला. "पर त्या दुकानात माझा साडू बसतोय. त्याला कसं बोलणार?"

*

ढोकीकडचे एक मोठे बागायतदार आहेत. तुम्ही नजर टाकाल तिथवर त्यांचा ऊस. तणनाशक घेऊन गेले तेव्हा मी हातमोजे, मास्क आणि गॉगल सोबत दिले. "फवारणाऱ्या गड्याला घालायला लावा. विसरू नका."

"लावतो की, ताई!"

चार दिवसांनी मी स्कूटीवरून ढोकीला निघाले होते. समोरून बुलेट आली. बुलेटवर साहेब आणि साहेबांच्या डोळ्यांवर माझा गॉगल!

मी गाडी आडवी घातली. "आणि गडी?"

"त्याला सवय हाय."

रान शेजारीच होतं. मी गाडी लावून तशीच आत घुसले. महादू नावाचा गडी, पाय उघडे, तोंडाला टॉवेल, पाठीवर पंप. दोन्ही डोळे लालभडक, पाणी वाहतंय.

"कधीपासून होतंय असं?"

"तीन दिस झालं. मालक म्हणले, धुरळा गेला आसंल."

बोअरच्या पाण्यानं मी त्याला पंधरा मिनिटं डोळे धुवायला लावले, हातपाय साबणानं धुऊन घेतले आणि दवाखान्यात न्यायला स्कूटीवर बसवलं. माझी तळपायाची आग मस्तकात गेली होती.

तेवढ्यात साहेब मागून ओरडले, "अवो ताई, अर्धा पंप ऱ्हायलाय की! आता कोण मारणार?"

"तुम्ही मारा," मी म्हटलं. "गॉगल तुमच्याकडंच आहे!"

*

आता जे सांगते ते आठवलं की मला अजून झोप लागत नाही.

लताकाकूंची एक एकर द्राक्षबाग. काका गेल्यापासून छाटणी, फवारणी, मजूर, सगळं त्या एकट्या बघतात. बागेला लागून एकाचा ऊस. उसातल्या रुंद पानाच्या तणासाठी त्यानं माझ्याकडून टू-फोर-डी नेलं. मी त्याला दोनदा बजावलं होतं, "सकाळी लवकर मारा. वारं सुटलं की थांबा. शेजारी द्राक्ष आहे."

यानं मारलं भर दुपारी, एप्रिलच्या वाऱ्यात!

सहाव्या दिवशी काकू दुकानात आल्या. त्यांनी द्राक्षाची एक कोवळी फूट काउंटरवर ठेवली. पानं पंख्यासारखी चुरगळून आत वळलेली. मला कळायचं ते कळलं. मी त्या ऊसवाल्याला फोन करून बोलावून घेतलं.

आल्या आल्या म्हणतो, "वारं काय म्या सोडलं व्हय?"

मी त्याला काय काय बोलले ते इथं सांगण्यासारखं नाही. मामा खुर्चीतून उठून मला आवरायला आले. काकू मात्र नुसत्या त्या पानावरून बोट फिरवत होत्या. मग मला विचारलं, "सुधरंल का गं?"

खोटं कसं बोलू? "येत्या हंगामाचा भरवसा धरू नका, काकू."

त्यांनी मान हलवली. त्याला विचारलं, "तुझं तण मेलं का?"

"मेलं की."

"मग झालं बाबा तुझं काम." आणि पायऱ्या उतरून गेल्या.

औषध माझ्याच हातानं दिलेलं होतं. त्या दिवसापासून टू-फोर-डी मागणाऱ्याला मी आधी विचारते, शेजारच्या रानात काय आहे?

लोक काय म्हणतात ठाऊक आहे? "शेजाऱ्याचं तुमाला काय करायचंय, ताई?"

*

आणि आमच्या गावातले अण्णा!

अण्णांच्या उसातली खुरपणी कितीतरी वर्षं सुमनमावशींची टोळी करायची. दहा-बारा बायका, सगळ्या गावातल्याच. यंदा लागण झाल्यावर मावशी त्यांच्या घरी विचारायला गेल्या, "अण्णा, कवा येऊ?"

ओसरीवर माणसं बसली होती. अण्णा त्यांच्याकडं बघून हसले. "आता बायकांची गरज न्हाय, सुमन. बाटली आणलीय!" माणसंही हसली. मावशींनी मला हे सांगितलं तेव्हा त्या खाली बघत होत्या.

बाटली माझ्याच दुकानातली. मी अण्णांना सांगितलं होतं, लागणीनंतर तिसऱ्या दिवसाच्या आत, ओल्या रानावर मारा. अण्णा पाव्हण्यांच्या लग्नाला गेले. परत येऊन मारलं बाराव्या दिवशी, कोरड्या ढेकळांवर, तण बोटभर वर आल्यावर.

महिन्यानं रानात ऊस कुठला आणि गवत कुठलं, ओळखू येईना.

अण्णा तणतणत दुकानात आले आणि रिकामी बाटली काउंटरवर आदळली. "हे आसलं इकता व्हय? एक काडी मेली न्हाय!"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांचं लक्ष कोपऱ्यात गेलं. तिथं सुमनमावशी मेथीचं बी घेत उभ्या होत्या.

"सुमन, हितंच हायस व्हय! बरं झालं." अण्णांचा आवाज एकदम मऊ. "उद्या सकाळी धा बायका घिऊन ये बघ उसात."

मावशींनी बियाची पुडी कनवटीला लावली. काउंटरवरची बाटली उचलली, उलटीपालटी करून बघितली आणि अण्णांच्या पुढ्यात नीट उभी केली.

"एकीनं भागत नसंल तर धा आणा की, अण्णा."