आठावर पाच

कोल्हापूरला एम.एस्सी. करताना माझ्या खोलीत राहणारा मुलगा गिटार वाजवायचा. शेवटची परीक्षा झाली, खोली रिकामी करायची वेळ आली, तेव्हा त्याने एक पेन ड्राइव्ह माझ्या हातात ठेवला. "तू पखवाज वाजवतोस ना, मग हे ऐक. आधी काहीच कळणार नाही. तरी सोडू नकोस," म्हणाला. त्यानंतर तो परदेशी गेला आणि मी मिठबावला हायस्कुलात गणिताचा शिक्षक म्हणून लागलो.

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. आमची वाडी कट्टा गावाच्या पुढे, आत. वडील भातशेती आणि काजू बघतात. माझ्या प्रवेशाच्या वेळी कोल्हापूरच्या कचेऱ्यांत वडिलांना काही सुचलं नसतं, म्हणून आमच्या भजनी मंडळाचे बुवा सुतारकामाचे दोन दिवस बुडवून माझ्याबरोबर आले होते. प्रत्येक खिडकीपाशी तेच पुढे व्हायचे. ते मी विसरलेलो नाही.

मिठबावला एका आंबा बागायतदाराच्या घरामागे भाड्याची खोली मिळाली. शाळा सुटली की बोलायला कुणी नसायचं. तिथे मी तो पेन ड्राइव्ह लावला. त्यात जॅझ फ्युजन होतं. जॅझ आणि रॉक एकत्र येऊन झालेलं, बहुतेक शब्दांवाचूनचं संगीत. गिटार, कीबोर्ड, ड्रम्स, बास गिटार, सगळे एकदम धावत सुटलेले. मी लहानपणापासून पखवाज वाजवत आलोय. कुठलंही गाणं लागलं की सम कुठे येते ते हाताला आपोआप कळतं. इथे कळेना. मांडीवर धरलेला ताल दर वेळी घसरायचा. आपल्याला वाजवता येतं हा माझा समज पहिल्याच दिवशी गेला.

मला अभ्यास करण्याची एकच पद्धत माहीत आहे. दोनशे पानी वही आणली. प्रत्येक तुकड्याला एक पान. आधी फक्त ड्रम्स ऐकायचे, बाकीचं कानाआड करायचं. त्यातही आधी फक्त पायाने वाजतो तो मोठा ड्रम. मात्रा मोजायच्या, लिहायच्या, खोडायच्या. मग गिटार, मग कीबोर्ड. सरळ आणि सोपं वाटेल ते शेवटी, किंवा नाहीच. पहिल्या तुकड्याला तीन आठवडे लागले. तो सात मात्रांचा होता, आणि दर चौथ्या फेरीला एक मात्रा कमी व्हायची. ते सापडलं तेव्हा मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो. मग सांगायला कुणी नाही हे लक्षात आलं आणि पुन्हा बसलो. कोल्हापूरच्या मित्राला लांबलचक मेसेज लिहिला. मेसेज पोचल्याच्या दोन खुणा आल्या. उत्तर आलं नाही.

शिक्षकांच्या खोलीत एकदा विज्ञानाच्या सरांच्या कानाला इयरफोन लावून पाहिला. ते थोडा वेळ गंभीरपणे ऐकत राहिले आणि म्हणाले, "सर, मिक्सरात खोबरं अडकलंय." सगळे हसले, मीही हसलो. मग इयरफोन खिशात ठेवला.

शनिवारी दोन एसट्या बदलून मी घरी जायचो. वडिलांनाही ऐकवलं. त्यांनी एकच इयरफोन घेतला, दुसरा कान मोकळा ठेवला. "ह्यां भांडाण चललां काय रे?" त्यांनी विचारलं. नाही म्हटल्यावर "मगे एकमेकांक बोलाक कित्या देनत नाय?" म्हणाले आणि गोठ्यात गेले.

तरी वाडीत माझी एक जागा होती. मंडळात पखवाज माझ्याकडे होता. पेटीवर बुवा, मागे कोरस, झांजा घेतलेले सहासात जण, त्यात वडीलही. आठवडाभर कुणाशी न बोललेला मी त्या बैठकीत बसलो की न बोलताही माणसांत असायचो. मनात एक इच्छा धरून बसलो होतो. वहीत जे मांडलंय ते एकदा तरी कुणाबरोबर वाजवायचं. आणि माझ्यापाशी माणसं होती ती एवढीच.

आमच्याकडे चतुर्थीत मंडळ वाडीतल्या प्रत्येक घरी भजनाला जातं. दुपारी सुरुवात होते. एका घरचं भजन, चहा-फराळ, की पुढचं घर. शेवटी गजर चढत जातो, तेव्हा पखवाजवाल्याने हात दाखवावा अशी सगळ्यांची अपेक्षाच असते. भजनी ठेका आठ मात्रांचा. मी खोलीत पाच मात्रांचा एक तुकडा बसवला होता. आठावर पाच वाजवत राहिलं की दोन्ही एकमेकांपासून सुटतात आणि पाच आवर्तनांनी, चाळिसाव्या मात्रेनंतर, बरोबर समेवर भेटतात. आठ आणि पाचचा लसावि चाळीस. सातवीच्या मुलांना मी हे फळ्यावर शिकवतो.

तिसऱ्या घरी गजर चढला आणि मी तो तुकडा घेतला. कुणाला आधी सांगितलं नव्हतं. सम आली की सगळे "वा" म्हणतील असं वाटलं होतं.

दुसऱ्या आवर्तनातच झांजा पांगल्या. काही माझ्यामागे आल्या, काही बुवांबरोबर राहिल्या. बुवांनी आवाज वाढवून सगळ्यांना ओढून बघितलं. तिसऱ्या आवर्तनात त्यांचा हात पेटीवरून उठला. भजन थांबलं. गणपतीसमोर उचललेला गजर असा मध्येच टाकलेला मी आमच्या वाडीत कधी पाहिला नव्हता. स्वयंपाकघरातून त्या घरची काकी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. "झाला भजन?"

"मास्तरान आटपल्यान गो," झांजवाल्यांतला एक म्हणाला.

"गणिताचो तास व्हतो, घंटा झाली," दुसरा.

बुवा हसले नाहीत, रागावलेही नाहीत. "रे मास्तर, खंय गेल्लंस रे?" कुठे गेला होतास, एवढंच त्यांनी विचारलं. कोल्हापूरच्या खिडक्यांपाशी माझे कागद हातात धरून उभे राहिलेले बुवा. काकी ट्रे घेऊन पुन्हा आत गेली, बुवांनी मुखडा परत उचलला, मी साधा ठेका धरला.

पुढच्या घरी मी बसायच्या आधीच पखवाज मंडळातल्या एका रिक्षावाल्याच्या मांडीवर होता. माझ्या हातात कुणीतरी झांजा दिल्या. बाकीचे दिवस मी झांजाच वाजवल्या. करंज्या मात्र सगळ्यांनी आग्रहाने वाढल्या.

घरी परतताना वडील म्हणाले, "तू चुकलंस नाय. ता माका कळला. पण आमी खंय होतंव, तेचो तुका पत्तो नाय होतो."

मिठबावला परत आल्यावर बरेच दिवस मी काहीच ऐकलं नाही. वही टेबलाखाली गेली. पुढे दिवाळीनंतर कधीतरी पुन्हा तो सात मात्रांचा तुकडा लावला, मोजायला नाही, नुसताच. तेव्हा मला बास गिटार ऐकू आली. वहीत तिचा रकानाच नव्हता. साधे, तेच ते चार-पाच स्वर, म्हणून मी ती सोडून दिली होती. ड्रम्सवाला ताल सोडून लांब निघून जातो, तेव्हा ती जागची हलत नाही. ती आहे म्हणून त्याला जाता येतं आणि परत येता येतं. मी दुसरे तुकडे लावून पाहिले. प्रत्येकात कुणी ना कुणी तसं थांबलेलं होतं, आणि त्याला माहीत होतं की दुसरा जाणार आहे. हे लोक एकमेकांना बोलू देत नाहीत असं वडिलांना वाटलं होतं, आणि मीही ते प्रत्येकाला वेगळं काढूनच ऐकत आलो होतो.

काजूला मोहर आला होता तेव्हाचा एक रविवार. दुपारी वडील खळ्यात कोयती घासत बसले होते. मी घरातला जुना पखवाज बाहेर आणला, त्यांच्यापुढे झांजा ठेवल्या आणि म्हटलं, "बाबा, तुमी फक्त आठ धरूचे. मी काय पण वाजवूंदे, तुमी सोडूचां नाय."

"माका खंय जमतला रे ता?"

"तुमचां रोजचांच आसा."

पहिल्या खेपेला ते दुसऱ्या आवर्तनात माझ्यामागे आले. दुसऱ्या खेपेलाही. तिसऱ्यांदा चिडले. "तू ओढतंस माका! तुझा आयकलंय काय हात वळता."

मग झांजा मांडीवर ठेवून त्यांनी थोडा विचार केला. "आता मी तुझा आयकूचंय नाय," म्हणाले. उठून बसायची जागा बदलली, माझ्याकडे पाठ केली, तोंड काजूच्या झाडांकडे. हळू आवाजात स्वतःशीच एक गजर म्हणायला लागले आणि त्यावर झांज धरली.

मी पाच मात्रा घेतल्या. झांज हलली नाही. पहिलं आवर्तन गेलं, दुसरं, तिसरं. माझा हात त्यांच्यापासून लांब लांब जात होता आणि वडिलांची मान त्यांच्याच गजरावर डुलत होती. चौथ्यात माझी बोटं घाबरली. तेव्हा मी मोजणं सोडून त्यांची झांज ऐकली. पाचवं आवर्तन संपलं आणि पखवाज आणि झांज एका ठिकाणी पडली.

मी थांबलो. ते आणखी दोन आवर्तनं तसेच चालत राहिले. मग पखवाज बंद झालाय हे त्यांच्या ध्यानात आलं.

"समेर इलंव काय रे?" त्यांनी मागे न वळता विचारलं.

"इलंव, बाबा."

"बरां झाला काय?"

त्यांनी खरंच काही ऐकलं नव्हतं. मी हो म्हटलं.