दुसरं ठिकाण

आमच्या टीममध्ये त्यांना सगळे दुभाषी म्हणायचे, अगदी तोंडावर. आमची कंपनी हवामानाची वेब सेवा चालवते. लोकांचे प्रोग्राम आम्हाला विचारतात, अमुक ठिकाणी आज पाऊस आहे का, आणि आमचा सर्व्हर उत्तर देतो. दर दोन-तीन वर्षांनी आम्ही प्रश्न विचारायची पद्धत बदलतो, त्याला प्रगती म्हणतो, आणि ठिकठिकाणचे जुने प्रोग्राम बंद पडायची वेळ येते. ते पडू नयेत म्हणून जुना प्रश्न नव्या पद्धतीत फिरवून द्यायचं काम दुभाष्यांचं. एकोणीस वर्षं हेच केलं त्यांनी. माणूस घुमा. कँटीनमध्ये भिंतीकडे तोंड करून जेवणारा.

मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर. सूचना आणि ग्राहकांना जाणारी पत्रं मी लिहिते, म्हणजे जे कुणी वाचत नाही ते सगळं माझ्या वाट्याला. सकाळी नऊला दुभाषी आले की खांद्यावरची बॅगही न उतरवता आदल्या रात्रीपासूनचा लॉग उघडायचे. कोणत्या प्रोग्रामने कधी काय विचारलं याची ती यादी. त्यात एक शब्द शोधायचे, एक ओळ बघायचे, मग बॅग खाली, मग पाणी. मी चिडवायचे, "काय, लॉटरी लागली का?" ते म्हणायचे, "लागली."

मग मॅडमनी, म्हणजे आमच्या टीमप्रमुखांनी, जाहीर केलं की जुनी पद्धत कायमची बंद. तीन महिन्यांची मुदत. भिंतीवरच्या फळ्यावर दर शुक्रवारी आकडा लिहायचा: जुन्या पद्धतीचे किती प्रोग्राम उरले. पहिला आकडा चार हजार दोनशेचा होता. एक बटण दाबलं की जुना प्रोग्राम नव्यात बदलून देईल असं साधन हवं होतं, आणि ते दुभाष्यांशिवाय कोण करणार? त्यांनी केलं. नाव ठेवलं 'सांधा'. इतकं सफाईदार की नाकं मुरडणाऱ्यांना नाक मुरडायला जागा राहिली नाही.

एकच गोष्ट त्यात नव्हती. जुन्या पद्धतीत एका प्रश्नात दोन ठिकाणांचं हवामान विचारता यायचं, नव्यात एकाच. असा प्रश्न आला की सांधा पहिलं ठिकाण ठेवायचा आणि थांबून सांगायचा: दुसरं ठिकाण हवं असेल तर आम्हाला लिहा, नाहीतर पुढे जा.

ग्राहकांना जाणारं पत्र मी लिहीत होते तेव्हा ते खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

"पत्राखाली माझं नाव घालाल का?"

"नाही हो. पत्र टीमच्या नावाने जातं. नियम आहे."

"एवढ्या एका वेळी."

"आज तुमचं, उद्या शिपायाचं. का पण?"

तेव्हा त्यांनी लॉगमधली ती ओळ दाखवली. प्रोग्रामचं नाव 'छत्री'. रोज सकाळी सहा दहाला एक प्रश्न, दोन शहरं. पहिलं शहर लांबचं. दुसरं आमचं.

"मुलीने पंधराव्या वर्षी लिहिलाय," ते म्हणाले. "मी छत्री विसरायचो ना, म्हणून. स्वयंपाकघरात छोटा पडदा लावला होता. पाऊस असला की त्यावर छत्री उमटायची, मग ती ओरडायची, बाबा, छत्री!"

"आता कुठे असते?"

"ते पहिलं शहर तिचं. तिकडे गेल्यावर पुढे घातलं तिने." मग म्हणाले, "तिची आई गेली त्या दुपारी मी इथे होतो. जुने प्रोग्राम धडाधड पडत होते. फोन ड्रॉवरमध्ये. सतरा वेळा केला तिने हॉस्पिटलमधून. नंतर एवढंच म्हणाली, बाबा, ते प्रोग्राम दुसऱ्या दिवशीही चालू झाले असते. सात वर्षं झाली. फोन उचलत नाही. पण रोज सकाळी आपल्याकडे पाऊस आहे का ते विचारते."

मला लख्ख कळलं, की सांध्यातली ती एक उणीव चुकून राहिलेली नाही. मुलीला दुसरं ठिकाण हवं असेल तर तिला लिहावं लागेल, आणि ते पत्र दुभाष्यांच्याच टेबलावर येईल. हा माणूस सात वर्षांनी दार उघडायला निघाला होता तो असा, तिलाच कडी वाजवायला लावून!

"हातचं सोडून पळत्याच्या मागे कशाला लागता?" मी म्हटलं. "तिला कळणार कसं की उत्तर देणारे तुम्ही?"

"म्हणून तर नाव घाला म्हणतोय."

मी नाही घातलं. नियमाचा एवढा पुळका मला का आला होता, देव जाणे. मॅडमना विचारते, एवढं तरी मी म्हणायला हवं होतं.

फळ्यावरचा आकडा उतरत गेला. नऊशे. साठ. दुसऱ्या ठिकाणासाठी अकरा जणांनी लिहिलं. प्रत्येक पत्र आलं की दुभाषी खुर्चीतून अर्धे उठायचे, नाव बघायचे, बसायचे, आणि त्या परक्या माणसाला लांबलचक, प्रेमळ उत्तर लिहायचे.

मुदत संपायला चार दिवस असताना, एका सोमवारी, त्यांनी लॉग उघडला आणि बॅग खांद्यावरच राहिली. मी उठून मागे गेले. सहा दहा. छत्री. नवी पद्धत. एक शहर.

"पुढे जा दाबलं तिने," ते म्हणाले.

"घाईत दाबलं असेल. कोण वाचतं हो ते? मीच लिहिते, मला माहीत आहे."

"असेल."

"नको म्हणून दाबलं असं कशावरून?"

"आता ते कसं कळणार?" ते म्हणाले. तेच तर. विचारायला तिचा पत्ता समोर होता, पण ग्राहकाच्या पत्त्यावर घरचं पत्र पाठवायचं नाही, हाही नियमच.

शुक्रवारी फळ्यावर शून्य लागलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दुभाष्यांनीही वाजवल्या. मग मॅडम अहवाल चाळत म्हणाल्या, "सांधा उत्तमच आहे, पण हे दुसऱ्या ठिकाणाचं काय? एकाचे दोन प्रश्न करायचे, दोन ओळींचं काम. तुमच्याकडून कसं सुटलं?"

मी दुभाष्यांकडे बघितलं नाही.

"राहून गेलं," ते म्हणाले. "आता करतो."

जागेवर आले आणि खरंच दोन ओळी लिहिल्या. पाच मिनिटंही लागली नाहीत. तपासायला नमुना हवा होता, म्हणून त्यांनी छत्रीचा जुना प्रश्न घातला. पडद्यावर दोन्ही शहरं आली, एकाखाली एक. तिच्याकडे ऊन होतं. आमच्याकडे पाऊस.