समाप्ती लांबवा

आमच्या घरमालक काकांइतका काळजी करणारा माणूस अख्ख्या नाशकात दुसरा झाला नसेल. गंगापूर रोडला त्यांचा गुलाबाचा मळा होता आणि मळ्याच्या कडेच्या खोलीत मी भाड्याने राहत होतो. पाऊस लांबला तर झाडांची काळजी, पडला तर कळ्यांची, आणि आभाळ धड असलं की माझी. देवळ्याकडून आलेला, घरात पहिल्यांदा पदवी घेतलेला मी शहरात बिघडेन, असं त्यांना वाटे. आणीबाणी उठल्यानंतर वाचनालयात शनिवारी संध्याकाळी मोठ्या माणसांसाठी चर्चावर्ग निघाला. एक निवृत्त प्राध्यापक तिथे जुनी रशियन कादंबरी मराठी अनुवादातून शिकवत. मी नाव घातल्यावर, ही संगत कसली ते बघायला काका सोबत आले आणि तेच अडकले.

सर माणसाच्या इच्छास्वातंत्र्यावर बोलत असायचे आणि काकांना घोर लागलेला असायचा, की एवढ्या बर्फात नायकाच्या पायात धड जोडे नाहीत. नायिकेचं प्रेम जमलं तेव्हा त्यांनी हात वर करून विचारलं, “सर, मुलाची चौकशी कुणी केली का नाय?” सरांनी प्रामाणिकपणे पानं चाळली आणि केलेली दिसत नाही, असं सांगितलं. त्या दिवशी काका जेवले नाहीत.

प्रत एकच, सरांची. ती आळीपाळीने घरी न्यायची. मोठं पुस्तक वाचायची काकांना एकच रीत ठाऊक होती, पोथीची. आंघोळ करून, पुस्तक पाटावर ठेवून, दिवा लावून, मोठ्याने. काकू शेजारी गुलाबाच्या जुड्या बांधत ऐकत. नायिका तापाने फणफणली तेव्हा काकूंनी तिच्यासाठी कालिकेला नारळ बोलला.

मग काकूंच्याच पोटात गाठ निघाली. ऑपरेशन मंगळवारी ठरलं आणि वर्गातलं शेवटचं प्रकरण त्याआधीच्या शनिवारी. काका वर्गात हात जोडून उभे राहिले.

“सर, समाप्ती तेवढी लांबवा. पारायण अर्धं असलं की ऐकणारं माणूस कुठं जात नाय, आमच्यात असं धरतात.”

मी आजूबाजूला पाहिलं. कुणी हसलं तर? सरांनी तर आठवडाभर बसून टिपणं काढली होती. त्यांनी चष्मा पुसला, पुस्तक मिटलं आणि काकांच्या हातात दिलं.

मंगळवारी काका ऑपरेशनच्या खोलीबाहेर ते पुस्तक छातीशी धरून बसले. मी आणलेला चहा त्यांच्या हातातच निवला. डॉक्टर बाहेर येऊन सगळं ठीक आहे म्हणाले, तरी काकांना पटेना. काकूंना नीट बोलता यायला लागल्यावर त्यांनी पहिलं हेच विचारलं, “अहो, ती पोर जगली का?”

काकांनी पुस्तक माझ्या हातात दिलं आणि शेवटचं प्रकरण मी वाचलं. शेजारच्या खाटांजवळचे नातेवाईकही सरकून बसले. पोर जगली होती. शेवटची ओळ संपताच काका घाबरून म्हणाले, “थांबू नको. पहिलं पान काढ.” मी तिथल्या तिथे कादंबरी पुन्हा सुरू केली.

सरांनी ती प्रत परत मागितली नाही. काकूंनी ती बरीच वर्षं, पुन्हा पुन्हा ऐकली. त्या गेल्यानंतर मी एकदा मळ्यावर गेलो, तर काका एकटेच पाटासमोर बसून वाचत होते. मोठ्यानेच.