शेवटच्या शेताचा होकार

सुपडूआबांची बातमी घेऊन आला तो त्यांचा भाचा, भिका. मी ओसरीत गहू निवडत बसले होते. भिका अंगणात आला आणि नुसताच उभा राहिला, तेव्हा मी वर न बघताच म्हटलं, "काय रे, मामांनी पुन्हा वांगी मागितली की काय?" मान वर केली. त्याच्या हातात आबांची काठी होती. ती काठी आबांच्या हाताखेरीज दुसऱ्या कुणाच्या हातात मी एकदाच पाहिली होती, आणि त्याला कारण मीच होते... मग मला काही विचारावं लागलं नाही. सूप तसंच मांडीवर राहिलं.

सुपडूआबांना जाऊन आता दीड महिना झाला. ते आमच्या फडाचे पाटकरी. धुळ्याच्या वाचकांना पांझरा माहीत आहे, पण फड म्हणजे काय हे शहरातल्या सगळ्यांनाच ठाऊक असेल असं नाही. नदीवर दगडी बंधारा, बंधाऱ्यातून निघालेला मातीचा पाट, आणि पाटाखालच्या शेतकऱ्यांनी मिळून एकाच पिकाखाली आणलेली जमीन, तो फड. पाणी सगळ्यांचं, ते पाळीपाळीने वाटायचं, आणि वाटणारा माणूस म्हणजे पाटकरी. आमच्याकडे एक रीत आहे. पाटकरी पाण्याबरोबर चालत शेवटच्या शेतापर्यंत येतो आणि शेतधन्याला हाक घालतो. शेतधन्याने होकार दिला की पाळी सुटली. होकार आल्याशिवाय पाटकऱ्याने घरी जायचं नाही, मग दुपार का उलटेना. सगळ्या फडाला पाणी पोचलं याची साक्ष तेवढीच.

शेवटचं शेत माझं. मी धुळ्यातल्या मास्तरांची मुलगी, लिहिता-वाचता येणारी, आणि जीभ अशी की वडील म्हणायचे हिला सासरी पाठवताना दोन शेजारी अगोदर कळवून ठेवायला हवेत. मानमोडीच्या तापाच्या साथीत यजमान गेले. पदरात दोन लहान मुली आणि पाटाच्या टोकाचं हे शेत. लोकांना वाटलं, बाई शेत कुणाच्या तरी गळ्यात घालून माहेरी जाईल. मी गेले नाही. पहिल्या पाळीला बांधावर उभी राहिले तर वरून हाक आली, "अक्का, पानी उनं वं!" सुपडूआबा माझ्याहून वीस वर्षांनी मोठे, तरी त्या दिवसापासून मला अक्का म्हणू लागले. मी शहरी थाटात म्हटलं, "आलं हो!" ते जागचे हलेनात. भिकाच्या आईने माझ्या कानात सांगितलं, "उनं, आबा, असं म्हना." तसं म्हटलं, तेव्हा कुठे ते वळले. वा रे वा, म्हटलं मनात, इथे पाणी घ्यायलासुद्धा भाषा शिकावी लागणार!

आबा अनवाणी चालायचे. पाटाच्या काठाने जाताना मध्येच थबकायचे, टाच दाबून बघायचे, आणि वाकून चिखलाचा गोळा कुठेतरी थापायचे. माझ्या शेताच्या अंगाला नदीचा डोह आहे, त्याच्या वाळूत एक पाणमांजरांचं कुटुंब राहत असे. सकाळी उन्हं आली की सहाजणं पाण्याबाहेर येऊन वाळूत अंग घुसळायची, एकमेकांच्या अंगावर लोळायची, शीळ घालायची. एक शीळ आली की पलीकडून दुसरी आलीच. त्यांच्या मागे मागे बगळे, उरलंसुरलं टिपायला. आणि एका ठराविक खडकावर त्यांची घाण. तिचा वास काय सांगू, बाजारातलं सुकट परवडलं! आबा एकदा मला तिथे घेऊन गेले, काठीने ती घाण फोडली आणि म्हणाले, "देखा." मी पदर नाकाला लावून म्हटलं, "आबा, तुम्हाला दुसरं काही दाखवायला मिळालं नाही?" आत सगळी खेकड्यांची कवचं, नांग्यांचे तुकडे. म्हणाले, "पाट राखाचं हाई काम मनं एकलानं नही, अक्का. त्यासनं बी शे." मी हसले. पाटकऱ्याच्या हाताखाली पाणमांजरं! घरी येऊन मुलींना ती गंमत सांगितली.

त्या वर्षी मी डोहाकाठच्या वाळूत टरबुजांचे वेल लावले. खड्डे खणून खत घातलं, गवताचा आडोसा केला, वेल हातभर झाले. आणि एका सकाळी बघते तो वाळू सगळी घुसळलेली, वेल मुळासकट बाजूला. पुन्हा लावले, पुन्हा तेच. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्याच सुमारास कातड्यांचा धंदा करणारा एक माणूस गावात फिरत होता. आबा लेकीच्या बाळंतपणासाठी एरंडोलला गेलेले. मी त्या माणसाला बोलावलं. त्याला फास लावायची जागाही मीच दाखवली, कारण त्यांची येण्याजाण्याची वाट मला पाठ होती. तीन दिवसांत त्याने पाच मारली. कातडी माझ्याच अंगणात खुंट्या ठोकून वाळत घातली. धाकटी मुलगी त्यांच्यावरून हात फिरवत म्हणाली, "आई, किती मऊ आहे गं." मला काही वाटलं नाही. वाटलं असतं तर आज इतकं लिहावं लागलं नसतं.

सहावं राहिलं. ते पुढे चार सकाळी वाळूवर येऊन शीळ घालत होतं. घालायचं, थांबायचं, कान देऊन बसल्यासारखं... पुन्हा घालायचं. पाचव्या दिवशी ते दिसलं नाही. आबा परत आले, सरळ डोहावर गेले, आणि येताना माझ्या बांधाशी थांबले. एवढंच विचारलं, "कितला व्हतात?" मी म्हटलं, "पाच." ते मान हलवून निघून गेले. त्या उन्हाळ्यात माझी टरबुजं अशी झाली की लोक बघायला यायचे, आणि मी सगळ्यांना ताठ मानेने दाखवायची.

पुढचं वर्ष ठीक गेलं. त्याच्या पुढच्या वर्षी मात्र गव्हाला पाणी येईना. म्हणजे पाट वर भरलेला दिसे आणि माझ्यापर्यंत येईतो करंगळीएवढी धार. पाटाच्या काठावर कोल्ह्यांनी जागोजाग उकरून ठेवलेलं, त्याने काठ आणखी ढासळत होता. कोल्हे अचानक इतके कुठून आले, आणि उंदीर सोडून पाटच का उकरतात, हा प्रश्न कुणालाच पडला नाही. मलाही नाही. मला दिसत होते ते फक्त आबा. वरच्या शेतकऱ्यांच्या बांधावर बसून चहा पिताना मी त्यांना पाहिलं होतं, आणि तेवढं मला पुरलं. "अक्का, पानी उनं वं!" अशी हाक आली आणि मी होकार दिला नाही. बांधावर उभी राहून त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांनी पुन्हा हाक घातली. मी गप्प. सूर्य कलेपर्यंत तो म्हातारा माणूस माझ्या शेताच्या जवळजवळ कोरड्या चारीशी उभा होता. असं मी लागोपाठ तीन पाळ्यांना केलं.

तीन पाळ्यांना होकार नाही म्हणजे पंच बसणारच. पंचांत वडीलधारे होते ते नाना, शांत माणूस. त्यांनी मला विचारलं, आणि मी सगळ्या गावासमोर बोलले. म्हटलं, वरच्यांचा पाहुणचार झोडायचा आणि विधवेच्या शेतात धूळ उडवायची, ही यांची पाटकी. म्हटलं, माझ्या मुलींच्या तोंडचा घास यांनी वरच्या वर विकला. आणखीही बोलले. आबांनी माझ्याकडे एकदा बघितलं. मग काठी नानांच्या पायांशी ठेवली आणि घरी गेले. नानांनी ती उचलून दुसऱ्याच्या हातात दिली.

नव्या पाटकऱ्याच्या हातून तर धारसुद्धा येईना. गहू पिवळा पडला. तशात मला रोज सकाळी आबा पाटाच्या काठाने जाताना दिसू लागले, फडक्यात काहीतरी बांधलेलं. मला वाटलं, सापडला! काठी गेली म्हणून हा माणूस पाट फोडतोय. एका सकाळी मी मागोमाग गेले, चोर मुद्देमालासकट धरायला. बघते तर आबा काठाशी पालथे पडलेले, कोपरापर्यंत हात एका बिळात घातलेला, आणि बाजूला धोतराच्या फडक्यात चिखलाचे गोळे. मला बघून दचकले नाहीत. हात बाहेर काढला तर बोटाला हा एवढा खेकडा लोंबतोय. म्हणाले, "हाऊ देखा, चोर सापडी ग्या, अक्का."

मग त्यांनी मला चप्पल काढायला लावली. हात धरून काठाने चालवलं, टाच दाबायला सांगितली. जिथे टाच दाबावी तिथे जमीन भुसभुशीत. काठाची पार चाळण झाली होती. पाण्यात बारीक भोवरा दिसे, आणि काठाच्या पलीकडच्या उतारावर तेच पाणी बुडबुड करत नाल्याला जात होतं. माझं पाणी. नव्या बिळांशेजारी कोल्ह्यांच्या पंजांच्या खुणा, खेकड्यांसाठीच उकरलेलं सगळं. मला त्या खडकावरची घाण आठवली, तिच्यातली कवचं आठवली, आणि खुंट्यांवर ताणलेली ती पाच कातडी... मी म्हटलं, "आबा, तुम्हाला हे माहीत होतं. पंचांत का बोलला नाहीत?" ते बोटाचं रक्त पाटात धूत होते. म्हणाले, "मंग तुमनं नाव निंघतं."

त्यांचं म्हणणं सोळा आणे खरं होतं. सगळ्या फडाचं पाणी एका बाईने घालवलं, हे कळलं असतं तर माझी पाळी बंद झाली असती. नवरा नसलेल्या बाईचं शेत घशात घालायला लोक टपलेलेच होते. माझं शेत राहावं म्हणून त्या माणसाने आपलं नाव जाऊ दिलं. आणि मी काय केलं? मी नानांना एकटीने जाऊन भेटले. खेकड्यांचं सांगितलं, आबांना परत बोलवा म्हटलं. पाणमांजरांचं सांगितलं नाही. भीती वाटली हो, दुसरं काय. पुढच्या हंगामाला आबांना काठी परत मिळाली, पण ती दया म्हणून. पंचांत बोललेलं मी पंचांत मागे घेतलं नाही. त्यामुळे "अक्काचं पाणी विकणारा" हे त्यांच्या पाठीमागे राहिलंच. त्यांच्या नातवाच्या सोयरिकीच्या वेळीसुद्धा कुणीतरी ते काढलं होतं. मी एकदा रडत म्हटलं, आबा, आता तरी सांगू द्या. तर म्हणाले, "पानी उनं ना? मंग बठ्ठं उनं." पाणी आलं म्हणजे सगळं आलं, म्हणे. आणि मी, तेवढ्यावर सुटले म्हणून, मनातून हायसं वाटून गप्प बसले.

त्यांनी माझ्याकडून एकच गोष्ट मागितली. "वाळू मोकळी ऱ्हाऊ द्या, अक्का. येतीन." मी टरबुजं लावणं सोडलं. दरवर्षी पाट साफ करायला घरटी एक माणूस जातं तशी मी जाऊ लागले, आणि आबांच्या बरोबरीने बिळं बुजवू लागले. किती बुजवली तरी खेकडे आपले पुढे. तीन पावसाळे असे गेले. मग एका मोठ्या पुरानंतर, पाणी निवळल्यावर, भर सकाळी आबा धावत आले. डोक्याचं मुंडासं सुटून गळ्यात आलेलं. हातात पळसाचं पान, त्यावर प्रसादासारखं काहीतरी धरलेलं. मी जवळ गेले आणि वास आला. "अक्का, देखा!" त्यांनी पान पुढे केलं. मी काडीने फोडलं. आत कवचंच कवचं होती. त्या दिवशी मी नाकाला पदर लावला नाही. तापीकडून चढून आलेली जोडी होती ती. दोन वर्षांत त्यांची पिल्लं पाटाच्या तोंडापर्यंत खेकडे हुडकत जाऊ लागली, कोल्हे आपोआप कमी झाले, बगळे परतले, आणि माझी धार हळूहळू मनगटाएवढी झाली. मासे धरणारे कधीमधी कुरकुरायचे, पाणमांजरं जाळी फाडतात म्हणून. आबा त्यांच्याशी तासन्‌तास बोलत बसायचे. मी मात्र त्यांच्याशी भांडायची.

एकदा भडगावकडचा एक पाटकरी पाट बघायला आला होता, आमचा काठ इतका घट्ट कसा म्हणून. आबांनी त्याला माझ्यासमोर सांगितलं, अक्कांनी वाळू सोडली म्हणून. अगोदरचं काही सांगितलं नाही.

आबा, ते मी चार लोकांत बोलले होते, म्हणून हे चार लोकांत लिहिते. सुपडूआबांनी माझ्या पाण्याचा एक थेंबही कुणाला दिला नव्हता. माझं पाणी मीच घालवलं, आणि सगळ्या फडाचंही. तुम्ही असताना हे लिहायला हवं होतं. तुम्ही गेल्यावर धीर आला, याची मला लाज वाटते. हा अंक छापून आला की नानांच्या मुलाला मी तो पंचांत वाचायला सांगणार आहे. माझी पाळी बंद करायची तर खुशाल करा.

परवा गव्हाची पाळी होती. आबांच्या मागे काठी आता भिकाकडे आहे. मी सकाळीच बांधावर जाऊन, चप्पल काढून उभी राहिले. डोहाच्या बाजूने एक शीळ आली, पलीकडून दुसरी आली. पाणी चारीतून वळलं, माझ्या पायाला लागलं. वरून भिकाने हाक घातली, "अक्का, पानी उनं वं!" आवाज थेट मामासारखा. मी वाकून त्या पाण्यात हात बुडवला. भिका काठी टेकून उभा राहिला, रीतीप्रमाणे. त्याने दुसरी हाक घातली नाही.

"उनं, आबा," मी म्हटलं.

भिकाने मान हलवली आणि पाळी सोडली.