मावशीशी जर्मन

जर्मनीत शिकायला जायचं म्हणून मी जर्मनची परीक्षा पुन्हा देणार होतो. तोंडीतच नापास झालो होतो. पुण्याला क्लासला जाताना एसटीत शिनोलीची एक मुलगी दिसायची. तीही पुन्हा देणारी. त्याच एसटीनं मंचरला मासे विकायला जाणाऱ्या डिंभ्याच्या मावशीला ती हात नाचवत जर्मनमधून पर्यावरणावर प्रश्न विचारायची, मावशी मराठीत माशांचं सांगायची. व्याकरण माझं पक्कं, चुका तिच्या ढीगभर, तरी जळायचो मीच.

"लोक हसतात," मी एकदा म्हणालो.

"हसू द्या भाऊ. मावशी उत्तर देती ना."

ती पास होऊन जर्मनीला गेली, माझा क्लास अजून चालूच. परवा मावशीनं टोपली सरकवून शेजारी जागा केली. "बसा पावणं. इचारा कायतरी तुमच्या जर्मनमधी."

मावशी मंचरला उतरेपर्यंत मी उभाच राहिलो.