भुईवर घेतलेला सासरा

रखमा परळच्या बाजारातनं रिकामी पाटी घेऊन शीवच्या कोळीवाड्यात आली, तर आंगणात बाज भिंतीला टेकून उभी. बाज अशी उभी दिसली की आमच्यात समजायचं, घरातलं माणूस गेलं.

पाटी टाकून ती आत धावली. तिचा सासरा धाकजी सारवलेल्या भुईवर उताणा पडलेला. तोंडात तुळशीचं पान घातलेलं, आणि म्हातारा ते पान चावत होता.

"यांना खाली कोणी घेतलं?"

"मी," थोरला दीर चिंतामण बोलला. "नखं निळी पडली, घशात घरघर लागली. बापूस बाजेवर जाऊ देऊ? गती कशी मिळणार?"

"मीच बोलले गो," शेजारची काशीबाई म्हणाली. "तोंड बघून वाटलं, आटपलं."

आटपलं कसलं. दुसऱ्या दिवशी सकाळी धाकजीनं पेज मागितली आणि दोन वाट्या प्याला.

आता बघ, पलेगाचं दुसरं वर्ष होतं ते. सरकारची माणसं गोरे शिपाई घेऊन घराघरांत शिरायची. कोणी निजलेला दिसला की काखा चाचपायची, गाडीत घालून इस्पितळात न्यायची. तिकडनं परतलेलं माणूस कोळीवाड्यानं बघितलं नव्हतं. लोक चिडलेले, शिपाई त्याहून चिडलेले. धाकजीला गाठबिठ काही नव्हती, नुसतं म्हातारपण. त्याचं एकच म्हणणं होतं, मला घरात मरू द्या. आणि तो भुईवर, तोंडाशी तुळस. असा माणूस बघून कोण सोडणार?

"भावजी, वर घेऊया यांना," रखमा म्हणाली. "ओल लागून खोकला वाढलाय."

"खाली घेतलेला माणूस वर घेत नाहीत. घेतला तर त्याच्या बदल्यात घरातला दुसरा जातो."

"मग असंच किती दिवस ठेवायचं?"

"पाटलांना विचारतो."

पाटील म्हणाले, पंच बसवू. पंच बसले, विड्या ओढल्या, उद्या बघू म्हणून उठले. रखमाचा नवरा महादेव भावाच्या तोंडाकडं बघायचा. "दादूस म्हणेल तसं." तीन दिवस हेच. रखमानं म्हाताऱ्याची कूस बदलावी, ओली गोधडी बदलावी, आणि बाप्यांनी आंगणात बसून धर्म बोलावा. तिच्या डोक्याची नुसती शीर उठली होती.

चवथ्या दिवशी काशीबाई धापा टाकत आली. "पलीकडच्या आळीत शिपाई शिरले गो. घरात ऊन यावं म्हणून कौलं उतरवतायत."

रखमानं चिंतामणाकडं बघितलं. चिंतामणानं महादेवाकडं. महादेवानं खाडीकडं.

मग ती म्हाताऱ्यापाशी उकिडवी बसली. त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

"मामा, वर घेऊ?"

"कवापासनं वाट बघतोय," धाकजी म्हणाला. "कमर मोडली माझी. आणि जाळ्याची सुई दे हातात."

बाज आत आली. रखमानं आणि काशीबाईनं त्याला उचलून बसता केला, पाठीला जाळ्याची गुंडाळी दिली. चिंतामण "रखमे, पाप लागेल" म्हणत दारात उभा होता. हात मात्र त्यानं लावला नाही.

शिपाई आणि दुभाषा घेऊन गोरा डॉक्टर आला. काखा चाचपल्या. धाकजीची सुई चालत होती, गाठी पडत होत्या.

"याला काय झालंय?" दुभाषानं विचारलं.

"ऐंशी वर्षं झालीत," रखमा म्हणाली.

दुभाषा हसला. डॉक्टरानं दारावर तपासल्याची खूण केली आणि पुढं गेला.

त्यानंतर धाकजी एकोणीस दिवस जगला. घरात दुसरं कोणी गेलं नाही, पण महादेव शिंकला तरी चिंतामण रखमाकडं बघायचा.

विसाव्या दिवशी दुपारी परत घरघर लागली. या वेळी खरी होती, रखमाला कळत होतं. सगळी जमली.

"भावजी, सांगा आता. खाली घेऊ?"

चिंतामण आढ्याकडं बघत राहिला. "मागच्या खेपेला तूच वर घेतलास. आता तूच बघ."

"अवो, तुम्ही तरी बोला," ती नवऱ्याला म्हणाली.

"दादूस काय म्हणतो ते..."

रखमा एकटीच म्हाताऱ्याच्या खांद्याखाली हात घालत होती, तेवढ्यात तो गेला. बाजेवरच, भुईपासनं हातभर वर.

दहाव्याला चिंतामण जमलेल्या लोकांना सांगत होता, "काय करणार, बापूस बाजेवर गेला. सुनेनं खाली घेतला नाही."

रखमा भात वाढत होती. हातातलं डावलं पातेल्यात टाकून म्हणाली, "भावजी, तुमची वेळ आली की मला बोलावू नका. पंच बसवा."

मयताची बाज देऊन टाकायची असते, पण पलेगाच्या दिवसांत ती कोण घेणार? महिनाभर आंगणात उभीच राहिली, येताजाता रखमाच्या पायात येत होती. शेवटी तिनं ती आडवी केली, वर चटई टाकली आणि मांदेली वाळत घातली.

त्यातली पाटीभर चिंतामणाच्या घरी गेली. कशावर वाळवली, ते त्यानं विचारलं नाही.